बापूंच्या अटी आणि भाच्याचा कॅमेरा

कॅमकॉर्डर कसा पारखून घ्यावा यावर जगात पुष्कळ लिहिलं जातं. पण त्याची खरी प्रश्नपत्रिका निघाली ती आमच्या वर्ध्याजवळ, सेवाग्रामात. बापूंचे नात्यानं नातू लागणारे कनू गांधी आश्रमात फोटो काढू पाहत होते. घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलीफ्लेक्स आला आणि बापूंनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. पोझ द्यायला सांगायचं नाही. आणि या नादासाठी आश्रम एक पैसा देणार नाही. मातीच्या भिंती, ठेंगणं छप्पर, आत येईल तेवढाच उजेड आणि समोर सदा कामात असलेला माणूस. एवढ्या भांडवलावर कनूभाईंनी जे टिपलं ते आज जगभर पाहिलं जातं.

भाचा अमेरिकेहून सोनीचा एफडीआर-एएक्स५३ घेऊन आला तेव्हा मी त्याला हाच पेपर द्यायचं ठरवलं. हिंगणघाटचं लग्न समोर होतंच.

यंत्र गुणी, यात वाद नाही. २०१६चं मॉडेल, झाइसची लेन्स, फोर-के चित्र, वीसपट ऑप्टिकल झूम. (दुकानदार डिजिटल झूमचा याहून मोठा आकडा सांगेल. तो ऐकून सोडून द्यावा, त्यात नुसते ठिपके मोठे होतात.) लेन्स आणि सेन्सर मिळून आतल्या आत तरंगतात, म्हणून हात हलला तरी चित्र हलत नाही. हे आम्ही वरातीत, डीजेच्या भिंतीसमोर तपासलं. प्रत्यक्षात जमीन हादरत होती आणि काकाजी मंडळी जागच्या जागी उभी होती. चित्रात जमीन स्थिर आली, त्यामुळे काकाजी नाचल्यासारखे वाटले.

माहितीपत्रकात मात्र एक वाक्य वाचून आम्ही सगळे हसलो. यंत्र शून्य ते ४० अंशांत वापरावं! मे महिन्यात ४० अंश झाले की वर्ध्याचा माणूस ‘आज जरा बरं आहे’ म्हणतो. म्हणजे कंपनीच्या हिशेबानं हे लग्न चित्रित करण्याजोगंच नव्हतं. भाच्यानं कॅमेऱ्यावर ओला दुपट्टा धरला, तेव्हा नवरदेवाच्या आजीनं विचारलं, “लेकराले उन्ह लागलं का बाप्पा?”

पहिल्या अटीची परीक्षा आपोआप झाली. मंगलाष्टकांच्या ऐन भरात लाइन गेली. आमचा नेहमीचा शूटिंगवाला हॅलोजन लावून नवरीचा मेकअप वितळवतो. तो बिचारा हातातला दिवा बघत राहिला. भाच्यानं नाइटशॉटचं बटण दाबलं. अदृश्य इन्फ्रारेड उजेडात अंतरपाट दिसला, अक्षता दिसल्या, आणि सगळ्या वऱ्हाड्यांचे डोळे रानात गाडीच्या दिव्यासमोर आलेल्या जनावरांसारखे लकाकले. फ्लॅश न वापरता चित्र आलं, तेव्हा गुण द्यावे लागले. फक्त नवरीला दाखवू नका.

दुसऱ्या अटीत यंत्र नापास झालं, पण दोष यंत्राचा नाही. आमच्याकडे आहेर देणारा माणूस पाकीट पुढे करतो, नवरदेव ते अर्धं धरतो, आणि दोघं मान वळवून कॅमेऱ्याकडे बघत थिजतात. पाकीट कुणीच सोडत नाही. “हा व्हिडिओ आहे, हलत राहा,” असं भाच्यानं ओरडून सांगितलं. एक भाऊजी म्हणाले, “आधी काढून तर घे, मंग हालतो.” सेकंदाला १०० मेगाबिट, म्हणजे तासाला ४५ जीबी, इतक्या तपशिलानं त्या यंत्रानं न हलणारी माणसं टिपली. ६४ जीबीचं कार्ड आहेराच्या रांगेआधी संपलं. कनूभाईंना मोजून रोल मिळायचे; उगाच बटण दाबायची चैन त्यांना कुठली!

खरा पराक्रम केला तो माइकनं. हा माइक चहूबाजूंचा आवाज घेतो, फाइव्ह पॉइंट वन का काय म्हणतात तो. घरी टीव्हीवर चित्रण लावलं, सगळी जमली. समोर नवरा-नवरी हार घालताहेत आणि मागच्या बाजूनं आत्याबाईंचा आवाज, अगदी स्वच्छ: “आलूवांग्यात आलू शोधून राह्यली मी कवाची. अन् जिलेबी त पाह्य, कालचीच हाये.” मुलीकडची मंडळी त्याच सोफ्यावर बसली होती. पुढचा अर्धा तास फोर-के चित्राकडे कुणी पाहिलं नाही.

तिसरी अट बायकोनं मी काही मागण्याआधीच घातली होती. हजारेक डॉलरचं यंत्र आहे हे कळताच तिनं, “या घरातून दमडी मिळणार नाही,” असं जाहीर केलं. भाच्यानं शेवटचा प्रयत्न केला. “मामीजी, याच्यात अजून एक सोय आहे. कॅमेरा धरणारा मधे मधे बोलला तर तेवढा त्याचाच आवाज पुसून टाकता येते.”

बायकोनं प्रथमच ते यंत्र हातात घेऊन नीट उलटसुलट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

“कॅमेरा नको,” ती म्हणाली. “पण ते बटण तेवढं वेगळं भेटते का?”