160 तास 48 मिनिटांची फुरसत

आमच्या बदलापूरच्या सोनिवलीतला सर्वांत रिकामटेकडा माणूस कोण, हे मी सरकारी हिशेबाने शोधून काढलं आहे. शेजारचे सर! मराठीचे प्राध्यापक, पण ‘सीएचबी’, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. मुलगी सांगून येते तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा नसतो, ‘पर्मनंट आहात का?’ असा असतो. सरांचं लग्न आधीच उरकलं होतं, म्हणून वाचले.

हिशेब सोपा आहे. सरांना आठवड्याला 9 तासिका. तासिका 48 मिनिटांची, पण मानधन 60 मिनिटांच्या घड्याळी तासाचं. पाच तासिका घसा कोरडा करावा तेव्हा कुठे चार तास भरतात. कायम सहायक प्राध्यापकाचाही 16 तासांचा वर्कलोड 48 मिनिटांच्या 20 तासिकांनीच भरतो. फक्त त्याचा पगार कॅलेंडरवर चालतो, सरांचा घड्याळावर. तर 9 तासिकांचे झाले 7 तास 12 मिनिटं. आठवड्याचे तास 168. उरली 160 तास 48 मिनिटांची निखळ फुरसत! एवढी तर संस्थानिकांनाही नसेल.

या फुरसतीत सर वाचतात. पहाटे शेअर रिक्षाने बदलापूर स्टेशन, तिथून लोकल आणि मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. तपासणीचा तास धरत नाहीत, म्हणजे हे झालं विरंगुळ्याचं वाचन. कॉलेजचं मूल्यांकन करणारी ‘नॅक’ची समिती येणार म्हटलं की सरांना सात वर्षांच्या फायली चाळायला देतात. ते ऐतिहासिक वाचन. रात्री स्वतःच्या पीएच.डी.चं प्रकरण तिसरं. ते धार्मिक, कारण रोज तेच वाचायचं आणि फळाची आशा धरायची नाही.

पण सरांचा लाडका वाङ्मयप्रकार म्हणजे शासन निर्णय. त्यात वर ‘वाचा’ अशी आज्ञा असते आणि खाली जुन्या निर्णयांची यादी. वाचनसंस्कृतीची एवढी काळजी दुसरं कोण वाहतं? त्यांच्याच जोडीला एक पत्रही त्यांनी जपून ठेवलंय. अतिथी अध्यापकाला एका व्याख्यानाचे 1500 रुपये, महिन्याला कमाल 50,000, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 साली कळवलं, ते. लेकीला झोपवताना सर तेच वाचून दाखवतात. राजपुत्र नाही, राक्षस नाही, तरी पोरगी विचारते, “बाबा, हे खरंच झालं होतं?”

आता कुणी म्हणेल, बदलापुरात राहून माणसाने मराठी पुस्तकं वाचू नयेत? श्याम जोशींनी ‘ग्रंथसखा’सारखं ग्रंथालय उभं केलं ते याच गावात. सरांनाही ठाऊक आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथे मुक्काम ठोकायचा, असं ते दर दसऱ्याला ठरवतात. पण सुट्टीत तासिका नाही, तासिका नाही तर मानधन नाही. मग सर दहावीच्या शिकवण्या घेतात. पुस्तक वाचायला फुरसत लागते, आणि सरांकडे आहे ती सगळी फुरसत कामात गुंतलेली.

परवा परतीच्या गाडीत सर भेटले. विठ्ठलवाडी सुटलं आणि ते एकाएकी खो खो हसायला लागले. एका पोराने लेखकाच्या जीवनाबद्दल लिहिलं होतं, “लेखकाचे बालपण लहानपणीच गेले.” डोळे पुसत सरांनी त्याला अर्धा गुण जास्त दिला. म्हणाले, “वर्षभरात मनापासून वाचलेलं हे एकच वाक्य.”

तेवढ्यात उल्हासनगर आलं. नवा माणूस चढला आणि बाकाजवळ येऊन म्हणाला, “जरा सरका.” तिघे जण इंचभर सरकले. चौथ्या सीटवरचे सर सरकणार कुठे? अर्धे ते आधीच हवेत होते. त्यांनी गठ्ठा छातीशी धरला आणि पुढची उत्तरपत्रिका उघडली.