चावीवाल्याचा मुहूर्त

घर घेण्याची हीच खरी वेळ, असं परवा सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या एका फलकानं पुन्हा बजावलं. गड्ड्याच्या जत्रेत हीच वेळ होती, पाडव्याला होती, अक्षय्य तृतीयेला होती, गणपतीत तर ढोल-ताशासकट होती. वर्षात ही वेळ नसते ती फक्त पितृपंधरवड्यात. खरं तर भाव पाडून मागायला तेच दिवस उत्तम, कारण साइटवर तुम्ही आणि वॉचमन सोडून कुणी नसतं. पण त्या दिवसांत घर घेतलं की पूर्वज रागावतात म्हणे. हप्ते ते भरणार असते, तर विचारलं असतं.

साडेतीन मुहूर्तांची आणखी एक गंमत आहे. पाडवा, दसरा, बलिप्रतिपदा हे सरकारी सुट्टीचे दिवस. म्हणजे शुभ घटिकेला घर सहसा तुमच्या नावावर होत नाही, तुमचा चेक फक्त दुसऱ्याच्या हातात जातो. 2025 चा पाडवा 30 मार्चला होता, रविवारी. लोकांनी पेढे देऊन बुकिंग केलं आणि 1 एप्रिलला रेडी रेकनरचे, म्हणजे घरांच्या सरकारी किमतींचे, नवे दर लागू झाले. सोलापूर शहरात सरासरी वाढ 10.17 टक्के, राज्यातल्या महापालिका क्षेत्रांत सगळ्यात जास्त. मुंबईत 3.39. तिथे समुद्र आहे, इथे काय आहे ते आता सांगतो.

इथे नळ आहे.

सोलापुरात घराचा मुहूर्त पंचांगात सापडत नाही, तो पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याच्या हातात असतो. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. हे बिल्डरकडच्या पोराला पाठ असतं. तुम्ही म्हणता, रविवारी येतो. तो म्हणतो, ‘मालक, रविवारी नको, मंगळवारी या की.’ तुम्हाला वाटतं, मंगळवारी साहेब भेटणार असतील. साहेब नाही, पाणी भेटणार असतं. मंगळवारी तुम्ही सहकुटुंब पोचता. हॉल दाखवून होतो, बाल्कनीतून रस्ता दाखवून होतो, आणि मग पोरगं तुम्हाला स्वयंपाकघरात नेऊन सिंकचा नळ सोडतं. काय ती धार! ‘प्रेशर बघा, काकू,’ म्हणून ते अदबीनं बाजूला सरकतं. काकू बघतात. चार दिवसांसाठी बादल्या, पिंपं आणि पातेलीच्या पातेली भरून ठेवणारी बाई फुकट वाहणारं पाणी बघून हरखते. ग्रॅनाइटचा ओटा, फरशी, वास्तू, आग्नेय दिशा सगळं विसरते. काका मात्र धावत जाऊन नळ बंद करतात, सवयीनं. तेवढ्यात पोरगं बाथरूममधला शॉवर सोडतं. सोलापुरात शॉवर! म्हणजे झुंबरच की. व्यवहार तिथेच पक्का होतो. पुढं राहायला आल्यावर त्या शॉवरवर टॉवेल वाळत घालतात.

ह्याच नळाचा मला संताप येतो. फ्लॅट विकत घेताना माणूस खरं तर एक छोटं पाणीपुरवठा खातंच विकत घेतो: जमिनीखाली हौद, गच्चीवर टाक्या, बोअर, दोन मोटारी, मोटार लावायला एक माणूस, आणि मे महिन्यात टँकर. हे सगळं भावात धरलेलं, आणि त्या भावावर पुन्हा स्टॅम्प ड्युटी. तीस लाखांच्या वर गेलात तर नोंदणीचे तीस हजार वेगळे. उजनीहून शंभर किलोमीटरवरून पाणी यायचं, पाइप फुटायचा, वीज जायची, ही कारणं आमच्या बापानंही ऐकली. पाणी यायला हजार अडचणी. दर वाढायला आजवर एकही पाइप फुटलेला ऐकला नाही. रेडी रेकनरच्या तक्त्यात ‘पाणी किती दिवसांआड येतं’ असा एक रकाना असता आणि त्या आकड्यानं दराला भागलं असतं, तर शहरातलं जुळे सोलापूर राज्यात सगळ्यात स्वस्त निघालं असतं.

तेव्हा घर बघायची वेळ विचाराल, तर मे महिना, दुपारचे तीन, पाणी येऊन गेल्याचा चौथा दिवस. वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेच्या भिंतीचा फ्लॅट मागा. भिंतीला हात लावा आणि लगेच काढा. इमारत पूर्ण झालेली, भोगवटा पत्र हातात असलेली घ्या. तिच्यावर जीएसटी लागत नाही आणि नळ स्वतःच्या हातानं सोडून बघता येतो. चावीवाला कुठं राहतो तेही विचारून घ्या, शाळा आणि दवाखाना नंतर विचारा.

हा सल्ला ऐकून आमचे एक शेजारी भर उन्हात चौथ्या दिवशी गेले. नळ सोडला. आधी हवा आली, मग एक मुंगी. पोरगं जराही गडबडलं नाही.

‘मालक, दिवाळीत बुक करा. दोन हजार लिटरची टाकी फ्री देतो.’

‘भरून?’

‘भरून कसं देणार, मालक? स्कीम टाकीची आहे.’