तिखट कानाचा प्लेअर

घरात नातवंडं आणि ब्लू-रे डिस्क दोन्ही नांदत असतील, तर डिस्कची एक प्रत काढून अस्सल डिस्क कपाटात ठेवावी, हे कुणालाही सुचेल. आमचा नातू डिस्क फरशीवर उभी धरून गरागरा फिरवतो. तिचा तळ एकदा खरवडला की पुढे नायक त्याच पायरीवर पुन्हा पुन्हा अडखळतो. म्हणून पैसे मोजून, पावतीसकट घेतलेल्या एका डिस्कची प्रत आम्ही शेजारच्या हुशार मुलाकडून काढून घेतली. अस्सल डिस्क कुलपात गेली, प्रत नातवाच्या तावडीत.

रविवारी जेवणं आटोपून सगळे टीव्हीपुढे बसलो. चित्र झकास, आवाज खणखणीत. वीसेक मिनिटं सुखात गेली आणि नायक नायिकेला काही महत्त्वाचं सांगणार, तोच त्याची वाचा बसली. पडद्यावर इंग्रजी सूचना उमटली : आवाज तात्पुरता बंद केला आहे, आवाज कमी-जास्त करू नका, या सिनेमाला सिनाव्हियाचं संरक्षण आहे आणि तो या यंत्रावर चालवायची परवानगी नाही.

"रिमोटला हात लावू नका म्हणतंय," सौ. म्हणाल्या. "माझं कधी ऐकलं नाहीत, त्याचं तरी ऐका."

चित्र मात्र चालूच होतं. मग संवादांची जबाबदारी सासूबाईंनी घेतली. त्यांना इंग्रजी येत नाही, त्यामुळे काहीच अडलं नाही. "तो म्हणतोय, थोरल्याने जमीन परस्पर विकली." तासाभरात त्या अमेरिकन कुटुंबात वाटणीचा दावा उभा राहिला. १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये निदान मधूनमधून वेगवेगळ्या पाट्या तरी होत्या. आमच्या नशिबी एकच पाटी.

शेजारच्या मुलाने नंतर उलगडा केला. सिनेमाच्या आवाजातच एक खूण विणलेली असते. ती माणसाला ऐकू येत नाही, प्लेअरला येते. कुणी थिएटरात बसून माइकवर आवाज टिपला तरी ती पुसली जात नाही. खूण सांगते की हा सिनेमा कुलूपबंद डिस्कवर असायला हवा. प्लेअर बघतो, तर डिस्कला कुलूप नाही. लगेच तोंड बंद. फेब्रुवारी २०१२पासून परवाना घेणाऱ्या नव्या ब्लू-रे प्लेअरांना असे तिखट कान सक्तीचे झाले. आता खूण आवाजातच, त्यामुळे प्रतीची प्रत काढली तरी तीही वीस मिनिटांनी मुकी.

त्याआधी डीव्हीडीला नुसतंच कुलूप होतं, तेही चाळीस बिटांच्या किल्लीचं. ते उघडणारा डीसीएसएस नावाचा प्रोग्राम १९९९ साली जगभर पसरला. त्यापायी नॉर्वेच्या योन लेक योहानसेन या पोरसवदा मुलावर खटला भरला गेला. स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी पाहण्यात गुन्हा नाही, असं म्हणत कोर्टाने त्याला २००३ साली सोडलं. सरकारने अपील केलं, त्याच वर्षी पुन्हा सोडलं.

आपल्याकडेही २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं. असं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. मात्र त्यात एक अट आहे : तोडणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा असला पाहिजे. म्हणजे कायदा निदान हेतू विचारतो. त्याच्यापुढे नातवाला उभं करता येईल, फरशी दाखवता येईल. प्लेअरपुढे काय दाखवणार? चोरबाजारातली डिस्क घेणारा आणि मूळ डिस्क जपणारा आजोबा, दोघांनाही तो एकाच पाटीवर गप्प करतो.

तेव्हा प्लेअर बनवणाऱ्यांना एक विनंती. कान दिलेत, आता डोळेही द्या. आवाज बंद करण्याआधी यंत्राने एकदा "पावती आहे का?" एवढं विचारावं. मराठी मध्यमवर्गीय माणूस सिनेमाची गोष्ट विसरेल, पावती हरवणार नाही.