उत्तर मनगटावर आहे

सह्याद्रीत वाट चुकायला पूर्वी फार काही लागत नसे. आषाढातलं धुकं, गवतात विरून जाणारी ढोरवाट आणि ‘मी मागच्याच वर्षी आलोय रे’ असं म्हणणारा एक मित्र, एवढं पुरत असे. आता त्याच कामासाठी डिजिटल होकायंत्राचं घड्याळ मिळतं. ते उंची सांगतं, हवेचा दाब सांगतं, दिशा सांगतं आणि पाचांपैकी नेमकं बटण सापडलं तर वेळही सांगतं. अल्टिमीटर, बॅरोमीटर आणि कंपास यांच्या आद्याक्षरांवरून त्याला ए-बी-सी घड्याळ म्हणतात. घेणाऱ्याला मुळाक्षरांपासून सुरुवात करायची आहे, हे नावातच कबूल केलेलं आहे.

प्रस्तुत मार्गदर्शनासाठी हरिश्चंद्रगड निवडला आहे. माथा ऐसपैस, पावसाळ्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि पश्चिमेला कोकणकडा, म्हणजे चूक दुरुस्त करायला फारशी सवड न देणारी जागा.

प्रथम विधी कॅलिब्रेशनचा. घड्याळाच्या जातीनुसार त्याचे दोन संप्रदाय आहेत. एकात घड्याळ सपाट धरून बटण दाबायचं, बरोबर अर्धा फेरा फिरवायचं आणि पुन्हा दाबायचं. दुसऱ्यात हात लांब करून हवेत इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं. दुसरा प्रकार पायथ्याच्या गावात करू नये. लोक आधी माश्या शोधतात आणि मग डॉक्टर. पण खरी अडचण वेगळीच. घड्याळधारी हा विधी हटकून जीपमध्ये बसून उरकतो. चहूबाजूंनी पत्रा, पुढे इंजिन, मागे स्टेपनी. त्या सगळ्या लोखंडाला पृथ्वीचाच भाग समजायला घड्याळ शिकतं, आणि गडावर जीप नाही हे कळल्यावर बिचारं गोंधळतं.

लोखंडाबाबतचा हा सोवळेपणा अतिरेकी वाटत असेल तर अलिबागला जाऊन यावं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1840 च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत होती. शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्यांच्या विद्युतप्रवाहापुढे ही मोजमापं टिकणार नाहीत हे वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांना कळून चुकलं. ट्रामला अडवणं शक्य नव्हतं, तेव्हा चुंबकीय वेधशाळाच हलवली. 1904 मध्ये अलिबागला नवं केंद्र सुरू झालं. इमारतीला पोरबंदरचा दगड वापरला, लोखंड कटाक्षाने टाळलं. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. ट्राम धावली 1907 मध्ये. तोवर चुंबकसुया खाडीपार सुखरूप पोचल्या होत्या.

आता आजच्या घड्याळधाऱ्याचा डावा हात पाहावा. मनगटावर घड्याळ. त्याला लगटून, रक्तदाब उतरावा म्हणून मावशीने दिलेलं चुंबकाचं कडं. पंज्यात फोन, फोनच्या कव्हराला चुंबकाचं टिचबटण. सॅकच्या पट्ट्याला ब्लूटूथ स्पीकर, म्हणजे आणखी एक चुंबक, आणि वर गाणी. आपल्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे 40 मायक्रोटेस्ला. फ्रिजवर चिकटवायचं साधं चुंबकही अगदी जवळून त्याच्या शंभरपट भरतं. मूस यांनी जे टाळायला समुद्र ओलांडला, ते सगळं इथे एका कोपराच्या अंतरात गुण्यागोविंदाने नांदतं. शिवाय उत्तर चुकली की दोष जपानी कंपनीला.

यावर कोणी अभ्यासू घड्याळधारी म्हणेल, ‘दोष बेसॉल्टचा आहे.’ हे निमित्त जरा वरच्या दर्जाचं आहे आणि त्यात तथ्यही आहे. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. लाव्हा थंड होताना ते कण तेव्हाच्या चुंबकीय दिशेची नोंद धरून बसतात. गंमत अशी, की तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव बराच काळ उलटे होते, आणि पश्चिम घाटातला बराचसा कातळ तीच उलटी उत्तर पोटात घेऊन बसला आहे. घड्याळधारी ज्या दगडावर टेकून दिशा बघतो, त्या दगडाचं मत त्याच्या नेमकं विरुद्ध असू शकतं. एरवी हे मत फार क्षीण असतं, हातभर उंचीवर ते जाणवत नाही. पण शिखरावर वीज पडलेला खडक मात्र चांगलाच चुंबकित होतो. म्हणून घड्याळ कातळावर टेकवू नये, छातीशी सपाट धरावं, आणि चार-पाच पावलं सरकून दुसऱ्यांदा पाहावं. दोन आकडे जुळले नाहीत तर मनाला पटेल तो निवडण्याची प्रथा आहे, ती सोडावी.

समजा, सगळं यथासांग झालं आणि पडद्यावर उत्तर उमटली. पुढे काय? इथे नव्वद टक्के घड्याळधारी थांबतात आणि समाधानाने मान डोलावतात. घड्याळाने उत्तर दिलेली असते, प्रश्न मात्र कोणी विचारलेलाच नसतो. आपण कुठे उभे आहोत हे होकायंत्राला कधीच ठाऊक नसतं. म्हणून जे करायचं ते धुकं यायच्या आधी. गडावरच्या देवळाशी उभं राहून कोकणकड्याची दिशा अंशांत घ्यावी, बेअरिंग साठवायचं बटण असतं ते दाबावं, आणि परतताना त्यात 180 मिळवावे किंवा वजा करावेत. पडदा 273 असा ठणठणीत आकडा दाखवतो, पण काही पुस्तिकांत बारीक अक्षरात दहा अंशांच्या चुकीची मुभा घेतलेली असते. दहा अंशांची चूक म्हणजे किलोमीटरमागे सुमारे 175 मीटर. पुण्याच्या कँपात तेवढ्याने दुसरी बेकरी लागते. कोकणकड्यावर काय लागतं, ते सांगायला कोणी परत येत नाही.

तरीही घड्याळाकडे बघावं, कारण पायांवर तर मुळीच विश्वास ठेवता येत नाही. गावाकडे ज्याला चकवा लागणं म्हणतात, त्याची 2009 मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी चाचणी घेतली. माणसांना जंगलात सरळ चालायला सांगितलं. सूर्य दिसत होता तोवर ती बऱ्यापैकी सरळ गेली; ज्यांच्या वाट्याला भरलेलं आभाळ आलं ते सगळे गोल फिरले, त्यांतले बहुतेक स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडत होते, आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं. कारवीच्या रानातला चकवा आपल्या भुताखेतांनी लावला, असं निदान आपल्याकडे म्हणता तरी येतं.

सूर्यावरून आठवलं. काटेवाल्या घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दक्षिण शोधायची युक्ती स्काउटच्या पुस्तकांत असते. ती विलायती अक्षांशांसाठी ठीक. मुंबईच्या अक्षांशावर साधारण मध्य मेपासून जुलैअखेरपर्यंत भरदुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. ऐन ट्रेकच्या हंगामात ही युक्ती पाठ फिरवते.

उंचीच्या आकड्याबद्दल थोडक्यात. घड्याळ उंची मोजत नाही, दाब मोजतं. आपल्याकडे दाबालाही रोज भरती-ओहोटी असते. सकाळी दहाच्या सुमारास तो चढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. त्यामुळे गुहेत पसरलेला माणूस दुपारच्या चहापर्यंत 20-30 मीटर आपोआप चढतो. हे चढणं मित्रांना सांगताना हिशेबात धरू नये. कळसूबाईच्या माथ्यावर 1646 हा आकडा हाताने भरून घ्यावा, आणि गावात उतरल्यावर पुन्हा गावाची उंची भरावी.

चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक महाराष्ट्रात एका अंशाच्याही आत आहे, म्हणून इकडच्या कोणी ते सेटिंग उघडलेलं नसतं. तेच घड्याळ घालून नोकरीसाठी सिएटलला गेलेल्यांनी मात्र उघडावं. तिथे फरक सुमारे 15 अंशांचा आहे.

शेवटचा प्रयोग खुबी फाट्यावर. हरिश्चंद्रगडावरून खिरेश्वरमार्गे उतरलेली मंडळी माळशेजच्या रस्त्याकडेला कल्याणच्या गाडीची वाट पाहत बसतात. मोकळी जागा, लोखंड नाही, जीप नाही. कॅलिब्रेशनला याहून उत्तम ठिकाण नाही, असं घड्याळधाऱ्याच्या लक्षात येतं. तो कडं काढतो, फोन दुसऱ्याकडे देतो, हात लांब करतो आणि डांबरी रस्त्याच्या काठावर मनोभावे आठ काढू लागतो. पडद्यावर ‘ओके’ उमटतं, आणि त्याच क्षणी हात पाहून एसटी थांबते. सगळे सॅक उचलून दाराकडे धावतात. कंडक्टर खाली वाकून म्हणतो, “ही आळेफाट्याची. कल्याणला जायचं तर रस्त्याच्या पलीकडे उभे राहा.”