भाव येईल!

मानवतच्या मोंढ्यात थांबाशेठ कुठं भेटतील असं विचारलं, की समोरचा आधी कापसाचा भाव काढतो. भाव चढत असेल तर शेठ जिनिंगच्या फाटकाशी, उतरत असेल तरीही तिथंच. चढताना ते म्हणतात, "थांबा, अजून चढंल." उतरताना म्हणतात, "थांबा, आता चढंल." विकायची वेळ या दोन वाक्यांच्या मधे कधीतरी येते आणि निघून जाते. त्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर आहे, पण तलाठ्याशिवाय ते कुणी वापरत नाही.

अशी माणसं ही एकट्या मानवतची मिरास नव्हे. सेलू, पाथरी, परतूर, जिथं म्हणून पांढरं सोनं पिकतं तिथल्या पेठेत असा एकजण असतोच. २०२१-२२च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला आणि या मंडळींना देव दिसला. पुढच्या हंगामात त्याच भावाची वाट बघत मराठवाड्यात घरोघर कापूस साठला. माजघरात कापूस, पलंगाखाली कापूस, पाहुणा आला तर त्यालाही कापसावरच बसवायचं. भाव मात्र खाली खालीच येत गेला. कापूस वाळून वजन घटलं, पोराबाळांच्या अंगाला खाज सुटली. थांबाशेठ दंड खाजवत सांगत होते, "घाई कामून करायलाव? भाव येईल."

हेच तत्त्वज्ञान त्यांनी घरातही लावलंय. चांगला कपांचा सेट थर्माकोलमध्येच आहे, कारण चांगला पाहुणा अजून यायचाय. मला तिथं आजवर स्टीलच्या पेल्यात चहा मिळाला आहे, त्यावरून माझी प्रतवारी कळावी. टीव्हीच्या रिमोटला कव्हर आहे आणि कव्हरला पिशवी. काकूंच्या पैठणीची घडी थोरल्या मुलीच्या लग्नात मोडायची होती. तो मुहूर्त आता नातीच्या लग्नावर गेलाय.

अशा माणसाच्या हातात वाइनची बाटली पडली.

झालं असं की २०१६ साली शेठ मुलीकडं नाशिकला गेले. १९९९ साली राजीव सामंतांनी तिथं सुला सुरू केली, २००१ मध्ये सरकारनं द्राक्षांवरच्या प्रक्रियेचं धोरण आणलं आणि बघता बघता पंचवटीबरोबर वायनरी दाखवण्याचाही तिथं रिवाज पडला. जावयानं सासऱ्यांना एका वायनरीत नेलं. ओकच्या पिंपांच्या गारेगार खोलीत माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "काही वाइन वयाबरोबर सुधारतात." त्यापुढं ती दहा मिनिटं त्या 'काही'बद्दलच बोलत होती. लाल वाइनमध्ये द्राक्षाच्या सालीचा आणि बियांचा तुरटपणा उतरतो. पुरेसा तुरटपणा आणि आंबटपणा असला तरच तो वर्षांनुवर्षं मऊ होत जातो. पांढरी वाइन बहुधा नुसत्या रसाची. मुळात तुरटपणाच नाही, तर मुरून मऊ काय व्हायचं? रोजच्या पिण्याची वाइन घेतली की वर्ष-दोन वर्षांत संपवावी, ती तेवढ्यासाठीच केलेली असते.

शेठना यातलं काहीच ऐकू गेलं नाही. 'सुधारतात' या शब्दापाशीच त्यांची समाधी लागली होती. बाहेर पडताना त्यांनी रोजच्या पिण्याची, सवलतीतली, पांढरी शेनिन ब्लां घेतली. सहाशे रुपये. गाडीत बसल्यावर बाटली उलटसुलट करून पाहिली आणि जावयाला म्हणाले, "हिच्यावर एक्स्पायरी डेटच नाही बघा!" कापसापासून सोयाबीनपर्यंत सगळ्यांनी दगा दिलेल्या या माणसाला अखेर न मरणारा माल सापडला होता.

आता ठेवायची कुठं? वाइनला अंधार लागतो, बारा ते पंधरा अंशांचा गारवा लागतो, तोही बारमाही सारखा, आणि हलवाहलव चालत नाही. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४४च्या पुढं जातो आणि डिसेंबरात पहाटे एक आकडी होतो. तरीही या सगळ्या अटी बऱ्यापैकी पाळणारी जागा गावात होती, आणि ती शेठांच्याच मालकीची होती. त्यांचं वडिलोपार्जित माळवदाचं घर! दोन दोन हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, भिंतीत बळद, अंगणात ज्वारीचं पेव. वैशाखात बाहेर पाखरं पडायची तेव्हा आत आजोबा अंगावर धोतर ओढून झोपायचे. युरोपात लोक अशा तळघरांसाठी कर्ज काढतात. शेठनी कर्ज काढून ते पाडलं होतं. त्या जागी स्लॅबचं घर झालं आणि स्लॅबवर पत्र्याची खोली. बाटली गेली पत्र्याच्या खोलीतल्या माळ्यावर.

जावयानं फोनवर सांगितलं की बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं. उभी ठेवली तर बूच वाळून आकसतं आणि हवा आत शिरते. शेठनी लगेच उशी आणून बाटली आडवी केली. त्या बाटलीला बूच नव्हतंच, आट्यांचं झाकण होतं. लवकर उघडून लवकर संपवायच्या पुष्कळ वाइनना हल्ली तेच असतं, आणि ते हवा बाहेर ठेवायचं काम चोख करतं. आट्यांना ओल्या-कोरड्याचं सोयरसुतक नाही. हे मी सांगितल्यावर शेठ म्हणाले, "असू द्या. आडवी बरी दिसायलीय."

मग उन्हाळ्यासाठी त्यांनी बाटलीभोवती घरचीच रुई गुंडाळली. रुईतून ऊन हळू शिरतं हे खरं, पण मानवतच्या उन्हाळ्याला तरी घाई कुठं असते? तो मार्चात येतो आणि जूनपर्यंत मुक्काम ठोकतो. सावकाश का होईना, तो बाटलीच्या पोटात पोचत राहिला. बाहेर लेबलावर शेठनी स्केचपेननं खरेदीची तारीख घातली होती आणि दर दिवाळीला ते वर चढून खुशाली विचारून येत. काकू खालून ओरडायच्या, "अहो, कैरीचं लोणचं मुरतं ते मिठा-तेलामुळं. तुमच्या त्या पाण्यात काय हाय मुरायला?" गावातलं वाइनविषयीचं सर्वांत शास्त्रशुद्ध वाक्य काकूंचं होतं, आणि त्यांनी वाइन जन्मात चाखलेली नव्हती.

उघडायचं एकदा ठरलंही होतं. शेठ कायद्याला धरून चालणारे. त्यांनी एका दिवसाचा पाच रुपयांचा पिण्याचा परवाना आणला. घरी येऊन कालनिर्णय बघितलं तर एकादशी. परवाना त्याच दिवसापुरता होता, तो बुडाला. शेठनी तो फेकला नाही. घडी घालून बाटलीखाली ठेवला. आता दोघंही मुरत होते.

जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचा निर्णय घेतला तेव्हा मोंढ्यात दोन तट पडले. अण्णा हजाऱ्यांनी उपोषणाचा इशारा दिला. आमच्या एका किराणावाल्यानं टेप घेऊन दुकान मोजलं. ओटा, गोदाम आणि मागची गल्ली धरूनही ते भरेना. थांबाशेठ एकटेच शांत होते. "पहिले माल येऊ द्या दुकानात. मंग बघा जुन्या मालाला कसा भाव येतो." निर्णय अंमलात आला नाही. शेठना त्याचं काही वाटलं नाही. थांबण्यात सरकार आपल्याच पंथाचं आहे, याचं उलट समाधान वाटलं.

त्याच सुमारास इतिहासाच्या निवृत्त गुरुजींनी आगीत तेल ओतलं. म्हणाले, "शेठ, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांची दारू जहाजानं भडोचला उतरायची. तिथून पैठण आणि तेरशी व्यापार चालायचा. टोकदार बुडाच्या मातीच्या कुंभातून यायची. त्या कुंभांचे तुकडे नेवाशाच्या उत्खननात सापडलेत." रोमन लोक त्या कुंभांना आतून राळ लावत, म्हणजे दारू पाझरत नसे आणि वास मात्र राळेचा येई, असंही त्यांनी सांगितलं. शेठ बराच वेळ बोलले नाहीत. मग कळवळून म्हणाले, "कुंभ फुटला नसता, तर आज काय भाव आला असता हो!"

२०२३च्या दिवाळीत पुण्याहून पुतण्या आला. त्याच्या पिशवीत वाइनचे डबे होते, कोल्ड्रिंकसारखे. शेठना भोवळ यायची बाकी राहिली. "पत्र्यात? वाइन?"

"काका, अल्युमिनियम आहे. आतून अस्तर असतं. उजेड नाही, हवा नाही. अडीचशे मिली, एका बैठकीत संपतं."

"आणि ठेवलं तर?"

"ठेवायचं नसतंच. फार तर वर्षभर."

"मंग घ्यायचं कशाला?" शेठांचा प्रश्न प्रामाणिक होता.

पुतण्यानं मग खोक्यातल्या वाइनची गोष्ट सांगितली. १९६५ साली ऑस्ट्रेलियात थॉमस अँगोव्ह नावाच्या माणसानं पेटंट घेतलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात पिशवी, पिशवीत वाइन. काढाल तशी पिशवी आकसत जाते, हवेला शिरायला जागाच उरत नाही. पुढं तिला तोटीही बसवली. उघडलेली बाटली फ्रीजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, हे खोकं महिनाभर. तोटी शेठना आवडली. महिना हा शब्द आवडला नाही. महिन्यात काय भाव येणार?

काकूंनी निकाल लावला. "पोरगं आलंय, दिवाळी हाय, एकादशी नाही. आणा ती बाटली खाली. माळा साफ करायचाय मला."

बाटली खाली आली. रुई सोडली, स्केचपेनची तारीख सगळ्यांना वाचून दाखवली. थर्माकोलमधले कप निघतील अशी मला आशा होती. स्टीलचे पेले निघाले. आटे करकरले. नाशिकहून फिकट पोपटी झाक घेऊन आलेली वाइन आता चहासारखी तपकिरी झाली होती, आणि फोडी करून विसरलेल्या सफरचंदाचा वास माजघरभर पसरला. पुतण्यानं ओठाला लावून पेला खाली ठेवला. मी त्याच्याकडं बघून माझा न लावताच ठेवला. शेठनी डोळे मिटून घोट घेतला, गिळताना मान थोडी वाकडी झाली, पण डोळे उघडले ते विजयी मुद्रेनं.

"आता हीच बाटली नाशिकला केवढ्याला हाय रे?"

पुतण्यानं मोबाइल बघितला. "नऊशेच्या आसपास."

शेठनी बोटांवर हिशेब केला. सहाशेचे नऊशे. कापसानं, तुरीनं, सोयाबीननं आयुष्यात जे कधी केलं नव्हतं ते या बाटलीनं करून दाखवलं होतं. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि दुसऱ्या दिवशी मोंढ्यात ज्याला त्याला अडवून सांगत सुटले, "म्हणलो नव्हतो का? आला का नाही भाव?"

भाव आला होता, यात वादच नाही. माल तेवढा काकूंनी मोरीत ओतला होता.