बख्तरराव

मुकुटबनात माणसाला कशाकशापासून संरक्षण लागतं याची यादी केली, तर ऊन, ट्रकची धूळ, रानडुकरं आणि लग्नातला जेवणाचा आग्रह एवढ्यावर ती संपते. कट्यारीचा वार तीत कुठंच बसत नाही. झरी-जामणी तालुक्यात कोणी कोणाला भेटीला बोलावून कुशीत कट्यार खुपसल्याचं निदान आमच्या तरी कानावर नाही. इथं दगाफटका करायचा तर लोक सातबाऱ्यावर करतात. तरीही बख्तरराव चिलखत विणतात. उन्हाळ्यात विणतात, पावसाळ्यात विणतात, पऱ्हाटीला फवारा मारायच्या दिवसांतही विणतात आणि मग घरच्यांची बोलणी खातात.

बख्तरराव हे नाव नव्हे, हुद्दा आहे. इतिहासाच्या नादी लागलेली माणसं आता तालुक्यागणिक सापडतात, पण त्यांच्यात पोटभेद आहेत. एक नुसता घोषणा देतो. दुसरा पहाटे पाचला मोबाईलवरून सगळ्यांना इतिहास पाठवतो आणि स्वतः झोपतो. हे दोघे निरुपद्रवी. तिसरा प्रत्येक गोष्टीला ‘पुरावा काय?’ असं विचारतो. तो बख्तरराव. हळदीच्या कार्यक्रमात नवरदेवाच्या फेट्याकडं बघून तो पुरावा मागतो. त्यामुळं त्याला आमंत्रणं कमी येतात आणि चिलखताला वेळ जास्त मिळतो.

सुरुवात तारेपासून झाली. जस्ताचा मुलामा दिलेली चकचकीत तार त्यांनी पहिल्या झटक्यात नाकारली, कारण शिवकाळात असली तार नव्हती. शिवाय ती भट्टीत घातली की जस्ताचा धूर छातीत जातो. मग काळी तार घ्यायला ते हार्डवेअरच्या दुकानात गेले.

“एवढी तार कायले? स्लॅब टाकून रायले का?”

“नाई. चिलखत करून रायलो.”

दुकानदारानं क्षणभर हिशोब केला. “किती स्क्वेअर फूट?”

हा प्रश्न वाटतो तेवढा खुळचट नाही. तार सळईभोवती घट्ट गुंडाळायची, तिच्या कड्या कापायच्या आणि एकेका कडीत चार कड्या ओवत जायचं. गुडघ्यापर्यंतच्या सदऱ्याला अशा पंचवीस-तीस हजार कड्या सहज खपतात आणि वजन दहा-बारा किलोंवर जातं. पण नुसती पक्कडीनं तोंड मिटवलेली कडी भाल्याचं टोक घुसलं की उघडते. म्हणून जुन्या कारागिरांनी कडीची दोन्ही टोकं एकमेकांवर आणून, ठोकून चपटी करून, त्यांत भोक पाडून बारीक रिव्हेट मारला. हिंदुस्थानातल्या चांगल्या जुन्या चिलखतांत एक ओळ अशा रिव्हेटच्या कड्यांची, तर पुढची बिनजोडाच्या अखंड कड्यांची असते. पुढं बंदुका आल्या, चिलखताचं काम उरलं नाही, आणि मग पितळ-तांब्याच्या कड्यांनी नक्षी काढलेले, नुसती तोंडं मिटवलेले, हलके सदरे आले. बख्तरराव त्यांना ‘लग्नातली चिलखतं’ म्हणतात. ते स्वतः रिव्हेट मारतात. एका बैठकीत तळहाताएवढा तुकडा होतो आणि मान तीन दिवस वळत नाही.

घरात त्यामुळं कड्याच कड्या. तुरीच्या डाळीत कडी, पोराच्या कंपासपेटीत कडी. पाहुण्यांच्या ताटातल्या वड्याच्या भाजीतही एकदा निघाली. पाहुण्यांनी ती बाजूला काढून ठेवली आणि बख्तररावांनी ती पुसून खिशात घातली, कारण तिच्यावर रिव्हेट मारून झालेला होता. वहिनींनी एकदा सरळ तोडगा काढला. “लोकर आणून द्या. मी पंधरा दिवसांत इनून देतो, वरून चंदेरी रंग मारा. कोन पाह्यते जवळून?” वहिनींना ठाऊक नव्हतं, पण हे थेट विलायती तंत्र झालं. जुन्या इंग्रजी चित्रपटांत आणि नाटकांत सुतळीचे विणलेले सदरे रंगात बुडवून सरदारांच्या अंगावर चढवत असत आणि पडद्यावर ते छान दिसत. बख्तररावांनी ही माहिती वहिनींना सांगितली, ती त्यांच्या बाजूनं जाते आहे हे सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि ते तार आणायला निघून गेले.

काळ्या तारेचा दोष असा की ती गंजते. पहिला पावसाळा पडला आणि चिलखत तांबडं झालं. मध्ययुगीन युरोपात गंजलेलं चिलखत वाळूबरोबर पिंपात घालून पिंप गडगडवत नेत. हे वाचल्याबरोबर त्यांनी डिझेलचा रिकामा ड्रम मिळवला, वाळू भरली, चिलखत घातलं आणि गल्लीतली पोट्टी लावली. पोट्ट्यांनी ड्रम उताराला लावला. तो उतार थेट बसस्टँडपर्यंत जातो. चिलखत लख्ख निघालं हे मात्र खरं. तिथल्या एका पानठेल्याचं काय झालं ते सांगत नाही, भरपाई देऊन झाली आहे. गंज पुन्हा धरू नये म्हणून आता ते जवसाचं तेल चोळतात. जवसाच्या तेलाचा पातळ थर लोखंडावर वाळून बसतो, त्यामुळं उपाय शास्त्रशुद्ध आहे. पण चिलखत घालून ते जवळून गेले की लोकांना चटणीची आठवण येऊन भूक लागते, आणि शत्रूला भूक लावणारं चिलखत मराठी इतिहासात नमूद नाही.

चिलखत उघड्या अंगावर घालत नाहीत. कडी तुटली नाही तरी घाव आत पोचतो आणि बरगडी मोडते. त्यासाठी खाली कापूस भरलेला जाड अंगरखा लागतो. आपल्याकडं तर ज्यांना लोखंड परवडत नसे ते नुसत्या कापसाच्या चिलखतावर लढाया करत. यवतमाळ जिल्ह्यात कापसाला तोटा नाही. गादीवाल्यानं माप घेताना एवढंच विचारलं, “झोपाच्या कामाची हाय का उठाच्या?” अंगरखा शिवून आला, त्यात जवळपास एका गादीचा कापूस गेला. वडिलांनी तो चाचपून पाहिला आणि म्हणाले, “बरं केलं. औंदा भाव नाईच, अंगावर तरी घालून फिर.”

खरी पंचाईत शिवजयंतीला झाली. शासनाची 19 फेब्रुवारीची आणि तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेची, अशा दोन्ही जयंत्या बख्तरराव करतात. पुरावे दोन्हीकडचे वाचल्यामुळं त्यांना कोणतीच सोडवत नाही. पहिल्या मिरवणुकीच्या आदल्या रात्री त्यांच्या डोक्यात आलं की चिलखत दाखवायचं नसतं. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी महाराज अफजलखानाला भेटले, तेव्हा चिलखत अंगरख्याच्या आत होतं आणि लोखंडी टोप पागोट्याखाली. खानाचा वार चिलखतानं अडवला, कारण ते तिथं आहे हे खानाला दिसत नव्हतं. म्हणजे अस्सल रीतीनं घालायचं तर वरून अंगरखा हवा. आणि वरून अंगरखा घातला की इतक्या वर्षांची मेहनत झाकली जाणार. रात्रभर तळमळून सकाळी त्यांनी इतिहासाच्या बाजूनं कौल दिला.

आत कापसाचा अंगरखा, त्यावर चिलखत, त्यावर मलमलीचा अंगरखा, त्याचे बंद डाव्या बगलेखाली, कारण मोगलाईत हिंदू डावीकडं आणि मुसलमान उजवीकडं बंद बांधत. अशा थाटात बख्तरराव चौकात आले. डोक्यावर ऊन. बाजूला मंडळाचा एक पोरगा चंदेरी प्लॅस्टिकचं चिलखत घालून, पाठीला चेन लावलेल्या अंगरख्यात उभा होता आणि सगळी गर्दी त्याच्याबरोबर सेल्फी काढत होती. बख्तररावांकडं एका आजीबाईनं पाहिलं. “बावा, तब्येत सुधारली हो तुमची!” मागून कोणीतरी म्हणालं, वहिनीच्या हातचं मानवलं. ते चालू लागले तसा आतून खुळखुळ आवाज यायला लागला. एक पोट्टा जवळ येऊन हळूच म्हणाला, “काकाजी, शंभराची चिल्लर देता का?”

शेवटी त्यांना राहवेना. ओळखीच्या एकाला बाजूला नेऊन ते म्हणाले, “मार इथं. बुक्का मार, जोरात.” तो म्हणाला, “उधारीचं मनावर घेऊ नका न भाऊ, देऊन टाकतो सोमवारी.”

चिलखत अंगावर असेपर्यंत बख्तरराव चहा घेत नाहीत, कारण 1659 साली मावळ्यांना चहा नव्हता. आलुपोहे नाकारतात, बटाटा तेव्हा आपल्या ताटात आलेला नव्हता. खर्रा मात्र चालतो. याला त्यांच्याकडं पुरावा तयार आहे. असद बेग नावाच्या अकबराच्या वकिलाला तंबाखू विजापुरातच सापडली, ती त्यानं बादशहाला नेऊन नजर केली, आणि ही गोष्ट महाराजांच्या जन्माआधीची आहे. तेव्हा दख्खनी माणसाच्या गालात तंबाखू असणं इतिहासाला धरून आहे. खर्रा घोटायच्या पन्नीला पुरावा नाही, म्हणून ती ते दुसऱ्याला धरायला लावतात.

2024 साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याला आली आणि पुढच्या वर्षी नागपूरच्या अजब बंगल्यात मांडली गेली, तेव्हा गावातून गाड्या भरून लोक गेले. बख्तररावही गेले. लोक हात जोडत होते आणि हे पाटी वाचत होते. ही वाघनखं महाराजांनीच वापरली असं सिद्ध करता येत नाही, असं ते संग्रहालय स्वतःच म्हणतं. ती विलायतेला नेली साताऱ्याच्या इंग्रज रेसिडेंटनं, ग्रँट डफनं, म्हणजे प्रतापगडानंतर दीडशेच्या वर वर्षांनी. हे सगळं त्यांनी परतीच्या गाडीत वणी येईपर्यंत सांगितलं. वणीला त्यांना गाडीतून उतरवण्यात आलं. पुढचा प्रवास त्यांनी एसटीनं केला आणि तो फार शांततेत झाला, असं गाडीतले लोक सांगतात.

लढाई मात्र त्यांना अजून लाभलेली नाही. मोबाईलवर ते परदेशातल्या लढाया बघतात. 1966 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात एका घराच्या मागच्या अंगणात काही हौशी मंडळींनी मध्ययुगीन मेजवानी केली, त्यातून एक संस्थाच उभी राहिली. तिथं वेताच्या तलवारींनी लढतात. आमचे एक निवृत्त मास्तर यावर म्हणाले की वेत त्यांनी तीस वर्षं चालवला, फक्त समोरच्याला चिलखत घालायची मुभा नव्हती. युरोपात याहून जहाल प्रकार आहे. 2010 साली युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात देशोदेशीच्या संघांची लढाई सुरू झाली, बोथट पण खरी पोलादी हत्यारं, वीस-पंचवीस किलोंचा साज, आणि पायांखेरीज अंगाचा दुसरा भाग जमिनीला टेकला की गडी बाद. साज अस्सल आहे की नाही हे तपासायला वेगळे जाणकार नेमतात. बख्तररावांना खेळाडू व्हायचंच नाही. त्यांना तो तपासनीस व्हायचं आहे. गावच्या पोरांनी ते व्हिडिओ पाहून निकाल दिला, “पडला का आऊट? मंग हे कबड्डीच होय न राजेहो, फक्त गरम कपडे घालून.”

तरी त्यांनी एक लढाई आखली होती. आपल्या मुलुखात घडलेली खरी लढाई कोणती, याचा त्यांनी शोध घेतला आणि पांढरकवडा सापडलं. 17 एप्रिल 1818 रोजी पांढरकवड्याजवळ कर्नल अॅडम्सनं दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला गाठलं. पेशव्यांच्या उरल्यासुरल्या पाच तोफा गेल्या, हत्ती गेले, उंट गेले, आणि पेशवे घोड्यावरून निसटले ते जूनमध्ये माल्कमच्या स्वाधीन झाले. बख्तररावांनी मंडळाची बैठक बोलावली. हा प्रसंग जसाच्या तसा उभा करायचा, त्याच तारखेला, त्याच वेळी.

बैठक थोडक्यात आटोपली. इंग्रज व्हायला कोणी तयार नव्हतं. पेशव्यांच्या फौजेत सगळेच जायला तयार होते, पण एप्रिलच्या उन्हात पळायचं ठरल्यावर संख्या घटली. तोफांच्या जागी थ्रेशर उभे करावेत अशी सूचना आली. उंटांचा विषय निघाला तेव्हा एकानं राजस्थानी मेंढपाळांचे उंट दिवाळीनंतर येतात म्हणून सांगितलं, त्यावर तारीख बदलता येईल का असा प्रश्न आला आणि बख्तरराव उभे राहिले. घाव दुसऱ्याच प्रश्नानं घातला. कोपऱ्यातून एक कॉलेजचा पोरगा म्हणाला, “भाऊ, 1818 मध्ये चिलखत कोन घालत होतं? पुरावा काय?”

बख्तरराव खाली बसले. बंदुका-तोफांपुढं चिलखत केव्हाच निकामी झालं होतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत! त्या एका वाक्यानं त्यांची लढाई गेली, पण असा प्रश्न विचारणारा गावात निघाला याचा आनंद त्यांना पुढं आठवडाभर पुरला. आता तो पोरगा संध्याकाळी त्यांच्याकडं येतो आणि कड्यांना भोकं पाडतो. त्याच्या आईनं वहिनींशी बोलणं टाकलं आहे.

सध्या डोक्यात हत्ती आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या संग्रहालयात हिंदुस्थानातून नेलेलं हत्तीचं चिलखत आहे. मुळात त्याला 8,439 पत्रे होते, त्यांतले 5,840 उरलेत, आणि तेवढ्यांचंच वजन 118 किलो भरतं. मुकुटबनात हत्ती नाही. म्हणून पोळ्याच्या आधी बख्तरराव हातात टेप घेऊन शेजाऱ्याच्या गोठ्यात गेले आणि बैलाच्या छातीचं माप घेऊ लागले. बैलानं मान वळवून पाहिलं. शेजारी दारातून म्हणाले, “त्याले कायले चिलखत, भाऊ? त्याले शिंगं हायेत. आज तुमी घालून आले का नाई, थे सांगा.”