चावीवाले अण्णा

काकू, अण्णांचं तेरावं झालं ना काल? मी माहेरी होते, आज सकाळी कळलं.

झालं बाई. गाव लोटलं होतं. तू इगतपुरीत नवी, तुला अण्णा म्हणजे ओट्यावर बसून पेपर वाचणारा म्हातारा एवढंच माहीत. अगं, 38 वर्षं थळ घाटात चालले ते. चावीवाला होते. रोज पहाटे खांद्यावर हातोडा, पाना, लाल-हिरवी झेंडी घेऊन निघायचे आणि आपल्या बीटातला रूळ पायी तपासायचे. गाड्यांच्या हादऱ्यानं रुळाच्या चाव्या सैल होतात, त्या ठोकून बसवायच्या. त्या घाटाचा चढ 37 फुटांना 1 फूट. वर येणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात ती उगाच नाही. तिथं एक चावी ढिली राहून चालतंय का?

म्हणून ते आमचं फाटक ठोकून बघायचे होय! मला वाटलं, वयानं जरा...

छे गं! सवय ती. दाराची बिजागरी, खाटेचा पाय, कुणाच्या मोरीचा नळ, काही सोडायचे नाहीत. आवाज ऐकूनच सांगायचे, हे सुटणार. त्यांची बायको, आपल्या काकी, वैतागून म्हणायच्या, मला तेवढं ठोकून बघू नका.

आणि त्यांच्या पोराची गंमत ऐकलीस का? शाळेत मास्तरांनी विचारलं, वडील काय करतात? हा म्हणाला, रुळावर फटाके लावून गाड्या थांबवतात. खोटं बोलतो म्हणून छड्या खाल्ल्या बिचाऱ्यानं! पण खरंच होतं ते. पावसाळ्यात अण्णा रात्रीच्या गस्तीला असायचे. दरड आली की गाडी यायच्या दिशेनं पळत सुटायचं, 600 मीटरवर एक फटाका बांधायचा, 1200 मीटरवर दहा-दहा मीटरनं तीन. चाकाखाली धडाम वाजला की ड्रायव्हर समजतो. पोरानं घरी येऊन वळ दाखवले, तर अण्णा दुसऱ्या दिवशी गणवेशातच शाळेत गेले. भांडले नाहीत हो. मास्तरांना अंतरं तेवढी समजावून आले.

तसे तापट होते म्हणतात.

तापट नाही, हट्टी. 1974 चा रेल्वेचा संप झाला ना, मे महिन्यातला, वीसेक दिवसांचा? पोलीस क्वार्टरांतून माणसं उचलत होते. अण्णा घाटात जाऊन बसले. तिथला दगड न् दगड ओळखीचा, कोण धरणार? काकी मोळी आणायला म्हणून जायच्या आणि पदराखाली भाकरी न्यायच्या. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. एकीनंही तोंड उघडलं नाही. आता ऐकून तुला खोटं वाटेल, या गल्लीत गोष्ट पोटात राहिली म्हणजे!

पण खरा हट्ट लेकीच्या वेळी. तिनं जातीबाहेर लग्न केलं, कल्याणला गेली. अण्णा म्हणाले, माझ्यापुरता विषय संपला. सात वर्षं नाव नाही काढलं. आणि दर मे महिन्यात काय करावं? घाटातल्या ठाकरणींकडून करवंदं घ्यायची, पानांच्या द्रोणात भरून वर फडकं बांधायचं आणि खाली ड्यूटीवर जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची. चिठ्ठी नाही, निरोप नाही. पोरगी फलाटावर येऊन घेऊन जायची. काकींना वाटायचं आपल्याला माहीत नाही असं अण्णांना वाटतंय, आणि अण्णांना वाटायचं काकींना खरंच माहीत नाही. मला दोघांचं माहीत होतं, पण मी कशाला बोलू!

मग मिटलं कसं?

नात झाली तेव्हा. पास काढला, काकींना म्हणाले, चल. जावयाच्या घरात पाय ठेवला, पाणी घेतलं नाही, कुणाशी बोलले नाहीत. सरळ पाळण्यापाशी गेले आणि खिशातला पाना काढून वरची कडी ठोकून बघितली. मग जावयाकडे वळून सात वर्षांतलं पहिलं वाक्य बोलले, "कडी झिजलीय, बदला."

जावईही शहाणा. तशीच चप्पल घालून बाजारात गेला आणि नवी कडी घेऊन आला. दोघांनी स्टुलावर चढून बसवली. तेव्हा कुठे अण्णांनी चहा घेतला, तोही दोन कप.

काल तोच जावई पंक्तीत वाढत होता गं. करवंदाचं लोणचं होतं. काकींनी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः वाढलं.

काकू, जरा सरका बरं. तुम्ही टेकलाय तो खांब हलतोय.

अगंबाई, खरंच की. रुळाचा तुकडा पुरलाय हा, अण्णांनीच. आठ दिवसांआड येऊन ठोकायचे... आजारी पडल्यापासून राहिलंच. तुझ्या घरात हातोडी आहे का गं?